सुईमास्तर आणि चुंबळ

मास्तर कुठंही बसायच्या आधी खिशातून एक डबी काढायचे. पितळेची, तपकिरीच्या डबीएवढी. झाकण उघडून ती तळहातावर धरायची, आतली सुई डुलून डुलून थांबली की खुर्ची फिरवायची आणि उत्तरेकडं तोंड करून बसायचं. समोर काय आहे ते बघायचं नाही. आमच्यातल्या एकीच्या मुलाच्या बारशाला आले, तर सगळी माणसं पाळण्याकडं तोंड करून बसलेली आणि मास्तर एकटे मोरीकडं. पाळणा गाऊन झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी ते मोरीकडंच बघत एकेक हरभरा चावत होते. मुलाच्या आजीला वाटलं, पाहुणे रुसले.

आम्ही त्यांना सुईमास्तर म्हणायचो. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, ते तिथंच राहू दे.

भोसरीच्या पुढं एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सात बायका तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचो. तेव्हा आजूबाजूला नवे नवे कारखाने उठत होते, आणि मोठ्या कंपन्यांना लागणारं बारीकसारीक सामान आमच्यासारख्या शेडांमधून जायचं. आम्ही गुंडाळायचं आणि मास्तरांनी तपासायचं. त्यांनी पास केली तर कॉइल खोक्यात, नाहीतर आमच्या टेबलावर परत. शेठनी त्यांच्यासाठी शेडला लागून सिमेंटची खोली बांधली होती, पंखा लावला होता. मास्तरांनी खोलीत उभं राहून डबी उघडली, सुई बघितली आणि म्हणाले, "या भिंतीत सळ्या आहेत." ते जे बाहेर पडले ते थेट मागच्या गोठ्यात जाऊन बसले. शेठनी जमीन घेतली त्याच्या आधीचा तो गोठा. लाकडी वासे, वर कौलं, सगळ्यात मिळून एक खिळा नाही. म्हशीच्या गव्हाणीवर फळी टाकली, ते मास्तरांचं टेबल झालं. म्हैस गेली होती, वास राहिला होता.

शेठ म्हणाले, "अहो मास्तर, मोठ्या कंपनीची माणसं येतात माल बघायला. काय म्हणतील?"

मास्तर म्हणाले, "माणसं काय म्हणतील ते ती आल्यावर कळेल. सुई काय म्हणते ते मला आत्ताच कळलंय."

दिशा पाळणारी माणसं मी पाहिली होती. दक्षिणेकडं पाय करून झोपू नये, असं आई सांगायची. मला वाटलं, मास्तरांचंही तसंच काहीतरी देवाधर्माचं असेल. मी कधी विचारलं नसतं. हौसाबाईंनी विचारलं. हौसाबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या, दिघीच्या जुन्या घरातल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि मनात आलेलं तोंडात यायला त्यांना वेळ लागायचा नाही.

"मास्तर, तिकडं उत्तरंला कोन हाय वो तुमचं?"

"पृथ्वी आहे," मास्तर म्हणाले. "सबंध पृथ्वी हे एक चुंबक आहे, हौसाबाई. ते मला रात्रंदिवस हाक मारतंय. इतकं कुणी बोलावत असताना पाठ करून बसणं बरं दिसतं का?"

हौसाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "न्हाई दिसत."

गोठ्याच्या दारात एक नारळाची करवंटी सुतळीनं टांगलेली होती. आत जायचं तर केसातले आकडे, पिना, किल्ल्या, लोखंडाचं जे काही अंगावर असेल ते करवंटीत टाकायचं. सोनं चालायचं, तांबं चालायचं, काचेच्या बांगड्या तर मास्तरांना फार आवडायच्या. "काच कुणाच्या भानगडीत पडत नाही," म्हणायचे. एकदा हौसाबाई कॉइल घेऊन गेल्या आणि सुई हलली. मास्तर म्हणाले, "काहीतरी राहिलंय."

"राहिलंय की. चोळीचं बटन तुटलंय, तिथं पिन हाय. ती काढली तर मी भायेर कशी जाऊ?"

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी पेन्सिल घेतली, हौसाबाईंना पाच पावलं मागं जायला सांगितलं, मग पुढं यायला सांगितलं, सुई किती हलते ते दोनदा बघितलं आणि वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून हौसाबाई गोठ्यात असल्या की मास्तर जे काही मोजत त्यातून हौसाबाईंची पिन वजा करायचे. बटण लावल्यावर हौसाबाईंनी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं, "मास्तर, आता मला वजा करू नका."

ते आधी एका कॉलेजात शिकवत होते. तिथून का सुटले याच्या शेडमध्ये तीन-चार गोष्टी होत्या. मास्तरांनी स्वतः सांगितली ती अशी, की प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत प्राचार्यांचं लोखंडी कपाट होतं आणि त्याच्यामुळं सुई उत्तर सोडून जराशी कलायची. मास्तरांनी कपाट हलवायचा अर्ज केला. मग दुसरा केला. दर सोमवारी एक अर्ज, असं वर्षभर चाललं. शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "कपाट कायम आहे. तुम्ही हंगामी आहात." हे सांगताना मास्तर चिडायचे नाहीत. "मुद्दा बरोबर होता त्यांचा," म्हणायचे.

त्यांची बायको एकदा शेडमध्ये आली होती, पितळी डबा द्यायला. साधी, हसतमुख बाई. आम्ही पाणी दिलं, बसवलं. म्हणाली, "काही नाही हो, माणूस देवासारखा आहे. फक्त घरात एक खिळा ठोकू देत नाहीत. कॅलेंडर मी तांदळाच्या डब्यावर आडवं ठेवते. तांदूळ काढायचे म्हणजे आधी महिना उचलायचा."

मी चौथी शिकलेली. माहेर खेडच्या अलीकडं, लग्नानंतर थेरगावात. मास्तर जे बोलायचे ते मला सगळं कळत होतं असं म्हणणार नाही. पण त्यांनी एकदा दाखवलं ते अजून डोळ्यापुढं आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शेजारच्या शेडमधल्या लेथवरून लोखंडाचा बारीक कीस आणला, पुठ्ठ्यावर पसरला, पुठ्ठ्याखाली चुंबक धरलं आणि वरून बोटानं टिचकी मारली. तो सगळा कीस उठून ओळीनं उभा राहिला. एका टोकातून निघालेल्या रेघा वळून दुसऱ्या टोकात जात होत्या, जशा विंचरलेल्या केसांच्या जातात. आम्ही बघतच राहिलो.

"अगं बया," हौसाबाई म्हणाल्या. "अंगात आल्यावानी केस झालं की ह्याचं."

"ही रांगोळी मी काढली नाही," मास्तर म्हणाले. "ही इथं होतीच. आत्ता तुमच्या माझ्यामध्ये आहे, डब्यातल्या भाकरीत आहे. मोकळी जागा मोकळी नसते. या असण्याला क्षेत्र म्हणतात. कीस नुसता चुगली करतो."

त्या दिवसापासून मला रिकाम्या जागेतून जाताना उगाच अंग चोरावंसं वाटायचं. तशी मी अंग चोरूनच चालायचे म्हणा.

सुट्टीत ते इलेक्ट्रॉनबद्दल बोलायला लागले की त्यांची भाकरी वाळायची. तारेतून जी वीज जाते ती म्हणजे इलेक्ट्रॉनच, अतिशय बारीक, आणि त्याच्या रीती आपल्यासारख्या नाहीत, असं ते सांगायचे. "त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या, तर तो दोन्ही वाटांनी जातो. एकाच वेळी. पण कुठून जातो ते बघायला तुम्ही बसलात, की मुकाट्यानं एकाच वाटेनं जातो."

हौसाबाईंनी लोणच्याची फोड चोखली आणि म्हणाल्या, "ह्यात काय नवल हाय? माझा धाकला दीर तसलाच. घरी म्हनतात कंपनीत हाय, कंपनीत म्हनतात घरी हाय. बघाय गेलं का एकाच ठिकानी घावतो. गुत्त्यात."

मास्तरांनी घास खाली ठेवला. वही काढली. हौसाबाईंना ते सगळं पुन्हा म्हणायला लावलं आणि शब्दन् शब्द उतरवून घेतलं. "कॉलेजात सहा वर्षं घालवली," म्हणाले, "एका पोरानं इतकं स्वच्छ सांगितलं नाही."

आणखी एक गोष्ट ते फिरून फिरून सांगायचे. त्यांच्या मनातला तो प्रयोग होता. गोल कड्यासारखी कॉइल असते. कड्यावर तार गुंडाळत गुंडाळत पूर्ण फिरवून आणायची. वीज सोडली की तिचं सगळं चुंबकपण कड्याच्या पोटात गोल फिरत राहतं, बाहेर काही येत नाही. सुई बाहेर कुठंही ठेवा, तिला पत्ता लागत नाही. "पण त्या कड्याच्या बाहेरून इलेक्ट्रॉन गेला," मास्तर आवाज खाली आणून म्हणायचे, "तर त्याला कळतं! बाहेर क्षेत्र शून्य, त्याला कुणी धक्का दिला नाही, हात लावला नाही. तरी आत काहीतरी चाललंय हे त्याला कळतं, आणि तो पुढं गेल्यावर त्याच्या चालीत ते दिसतं. परदेशात करून बघितलंय. कसं कळत असेल?"

मी हौसाबाईंच्या कानात काहीतरी म्हटलं. हौसाबाईंच्या कानात म्हटलेलं चावडीवर म्हटल्यासारखंच.

"मास्तर, ही म्हनती, घरात जावाजावांचं वाजलं आन दार लावून घेतलं, भायेर आवाज न्हाई का काय न्हाई, तरी वळचणीनं जानारीला कळतंच की. ती पुढं पानवठ्यावर गेली का तिच्या चालीवरनं आमाला बी कळतं."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर पुढं ओढून डब्यात बघायला लागले. डब्यात काही नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी मास्तर शेड सोडून गेले. शेठनी गोठा पाडून तिथं छपराला लोखंडी कैच्या लावलेलं गोदाम उभं करायचं ठरवलं, तेव्हा मास्तर डबी घेऊन आले, नुसत्या कैच्यांच्या ढिगाकडं बघितलं आणि राजीनामा लिहून दिला. भांडले नाहीत. पण ते जायच्या आधी घडलं ते मला लिहायचंय, कारण त्यात मी होते, आणि मी ज्यात आहे अशा गोष्टी फार नाहीत.

मीटर बनवणाऱ्या एका कंपनीची गोल कॉइलची ऑर्डर आली. कॉइल पाझरली की शेजारच्या मीटरचा काटा बहकतो, म्हणून पाझर चालायचा नाही. मास्तर कॉइल लाकडी खुंटीवर उभी टांगायचे, तिच्या भोकाच्या मधोमध फळीवर डबी ठेवायची आणि बॅटरीची वीज सोडायची. सुई हलली म्हणजे पाझर. सगळ्यांच्या कॉइलला थोडी तरी हलायची. फक्त माझ्या टेबलावरच्या कॉइलला सुई मेल्यासारखी पडून राहायची.

मास्तरांनी आधी बॅटरी बदलली. मग सुई बदलली. मग माझी एक कॉइल घेऊन वेढे मोजले, ते बरोबर भरले. शेवटी ते स्टूल घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसले. उत्तरेकडं तोंड करून, म्हणजे माझ्याकडं एका बाजूनं, पण बघत होते माझ्या हातांकडं.

आता माझी अडचण अशी, की कुणी बघायला लागलं की माझे हात माझे राहत नाहीत. नवीन लग्न झालं होतं तेव्हा सासूबाई समोर बसल्या की माझी भाकरी थापतानाच फाटायची, त्या बाहेर गेल्या की ताटाएवढी व्हायची. त्यात कॉइलमध्ये माझं एक गुपित होतं. मी गुंडाळायला सुरुवात करायच्या आधी तारेचा एक फेरा कड्यावरून आडवा, पूर्ण गोल फिरवून आणायची, आणि मग त्याच्या वरून उलट्या दिशेनं वेढे घालत यायची. त्यानं वेढे घट्ट बसायचे, घसरायचे नाहीत. वर वेढे आल्यावर आतली आडवी तार दिसायचीही नाही. पण असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. दर कॉइलला दोन वीत तार जास्त जायची, आणि सुपरवायझर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तांबं म्हणजे सोनं, बोटभर वाया घालवाल तर घरी बसाल.

म्हणून मास्तर समोर बसले तेव्हा मी आडवा फेरा घातलाच नाही. बाकीच्या करतात तशा कॉइल केल्या. तीन दिवस ते बसले, तीन दिवस माझ्या कॉइल पाझरल्या. चौथ्या दिवशी ते गोठ्यात गेले, माझे हात मोकळे झाले, मी आडवा फेरा घातला. सुई पुन्हा ढिम्म.

मास्तर धावत शेडमध्ये आले. अंगावर शहारा होता त्यांच्या.

"बघितलं की एक! न बघितलं की दुसरं! बाई, तुमची कॉइल इलेक्ट्रॉनसारखी वागते!"

पुढचे चार दिवस त्यांनी दाराआडून बघितलं, खिडकीतून बघितलं, एकदा हौसाबाईंच्या मागं बसून बघितलं. मला ते दिसायचेच. दिसले की पाझर, गेले की शून्य. वहीत पानं भरत चालली. जेवणही गोठ्यातच व्हायला लागलं. एवढी वीतभर कॉइल आणि तिला बघणारा कळतो, हे जगात कुणी पाहिलं नाही, असं ते हौसाबाईंना म्हणाले. हौसाबाई म्हणाल्या, "कॉइलला न्हाई वो, हिला कळतं. लाजती ती." मास्तरांनी ऐकलंच नाही. मला खरं सांगायला हवं होतं. रोज सकाळी बसमध्ये ठरवायची, आज सांगायचं. शेडच्या दारात ठरवलेलं पायातल्या चपलांबरोबर बाहेर राहायचं.

मग सुपरवायझर साहेबांनी तारेची रिळं तोलली. त्यांचं गणित सरळ होतं, इतक्या कॉइल म्हणजे इतकी तार. सहाजणींची बरोबर भरली. माझी शंभर कॉइलमागं पाव किलो कमी.

तांबं भंगारात चढ्या भावानं जायचं आणि शेडांमधून चोरीला जायचं, हे खरं होतं. त्या संध्याकाळी दारावर माझी पिशवी उपडी केली. डबा उघडून बघितला. सगळ्या बायका उभ्या होत्या. सुपरवायझर म्हणाले, "उद्या शेठ येतायत. त्यांच्यासमोर काय ते सांग. नाहीतर परवापासून येऊ नको. आणि शेजारच्या शेडांत कुणी विचारलं तर का काढलं ते आम्हाला सांगावं लागेल."

आमच्या घरी तेव्हा यांच्या कंपनीला टाळं लागून पाचवा महिना होता. चूल माझ्या पगारावर चालत होती. चोर म्हणून नाव झालं असतं तर भोसरीत कुठल्याच शेडनं मला दारात उभं केलं नसतं. घरी मी काही बोलले नाही. यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "डोकं."

दुसऱ्या दिवशी शेठच्या खोलीत मी फरशीकडं बघत उभी. सुपरवायझरनी रीळ टेबलावर ठेवलं, कागद ठेवला. हौसाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या दारात होत्या.

"ही पोरगी दुसऱ्याच्या चुलीतली राख बी उचलायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा," शेठ म्हणाले.

"भायेरच हाय मी. उंबरा मधी हाय की."

तेवढ्यात मास्तर आले. काखेत वही, हातात माझी एक कॉइल, अजून वॉर्निशात न बुडवलेली.

"हिला काढता येणार नाही," ते म्हणाले. "प्रयोग अर्धवट आहे." आणि त्यांनी वही उघडून सांगायला सुरुवात केली, की ही बाई, आणि ही कॉइल, आणि बघणारा. शेठनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, मला कळेल असं सांगा."

"मलाच कळलं नाही तर तुम्हाला कळेल असं कसं सांगू?"

"अहो, तांब्याचं काय? शंभर कॉइलला पाव किलो तांबं गेलं कुठं?" सुपरवायझर म्हणाले.

मास्तर थांबले. "पाव किलो? नक्की?"

"तोललंय मी. ते तीन दिवस तुम्ही हिच्यापुढं बसला होता, तेवढं बरोबर भरलं. बाकी सगळे दिवस कमी."

मास्तरांनी शेठच्या टेबलावरचा कागद ओढला आणि भागाकार मांडला. "कॉइलला अडीच ग्रॅम. या जाडीच्या तारेचे अडीच ग्रॅम म्हणजे... जेमतेम दोन वीत." मग सुतळीचा तुकडा घेऊन त्यांनी कड्याचा घेर मोजला. सुतळी टेबलावर सरळ केली, तिच्यावर वीत ठेवली. एक. दोन. कितीतरी वेळ ते त्या सुतळीकडं बघत राहिले. मग मान वर करून मोठ्यानं म्हणाले,

"तांबं हिनंच घेतलंय!"

"ऐका!" सुपरवायझर म्हणाले. "आता मास्तरच म्हणतायत."

आता घरी यांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"मास्तर," दारातून हौसाबाई ओरडल्या, "तोंडात किडं पडतील तुमच्या!"

मास्तर कुणाकडं बघत नव्हते. अंगठ्याच्या नखानं त्यांनी कॉइलचे वेढे हळूहळू बाजूला सारले. खाली, कड्याला चिकटून, आडवी तार चमकली. त्यांनी दुसऱ्या जागी वेढे सारले. तिथंही होती. त्यांनी कॉइल शेठच्या नाकापाशी नेली.

"घेतलं आणि इथंच ठेवलं! ऐका. वेढे घालत घालत आपण कड्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो, ते आपल्या ध्यानात येत नाही. शेकडो वेढे आतल्या आत बोलतात, पण ही एक फेरी बाहेर बोंबलते. तोच पाझर. हिनं आधी एक फेरी उलटी घालून ठेवली. दोघींनी एकमेकींची तोंडं बंद केली. पाझर खलास! मोठ्या कंपनीला जे हवंय ते एवढंच आहे, आणि ते तुमच्या शेडमध्ये या एकटीला येतं."

मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. ते माझ्याकडं वळले. "म्हणजे मी समोर बसलो की तुम्ही ही तार घालतच नव्हता?"

मी मान हलवली.

त्यांनी वही उघडली. अकरा पानं होती. एकेका पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, अकराही पानांवर, अगदी सरळ. आणि वही मिटून म्हणाले, "बाई, आठ दिवस तुम्ही मला फार मोठं सुख दिलंत. आता ते गेलं." आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

शेठ मात्र माझ्याकडं बघत होते. "हे तुला कुणी शिकवलं?"

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. अशी सगळी बघायला लागली की मला फरशीच्या आत जावंसं वाटायचं. पण या वेळी मी बोलले नसते तर चोर ठरले नसते, हे खरं, तरी मूर्ख ठरले असते. घशातून आवाज आला तो माझाच होता.

"कुणी नाही. डोक्यावर हंडा घ्यायला चुंबळ करतात ना, ती तशीच बांधतात. आधी चिंधी एकदा सरळ फिरवायची, मग तिच्यावरून उलटं गुंडाळत यायचं. सुटू नये म्हणून. मला ही कॉइल चुंबळीसारखीच दिसली."

"चुंबळ!" मास्तर म्हणाले. त्यांनी ती कॉइल हळूच उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितली.

"आमी बी तशीच बांधतो की," हौसाबाई म्हणाल्या.

शेठ त्यांच्याकडं वळले. "मग मावशी, तुम्ही इथं का नाही बांधलीत?"

"कंपनीची चुंबळ, कंपनीच्या रीतीनं. सायबानं सांगितलं न्हाई, म्हून बांधली न्हाई."

शेठनी रीळ सुपरवायझरांकडं सरकवलं. कॉइलमागं दोन वीत तार आजपासून जास्त धरायची, म्हणाले, आणि सगळ्या कॉइल हिच्यासारख्या व्हायला पाहिजेत. "आधी तुम्ही शिकून घ्या, मग बाकीच्यांना शिकवा." सुपरवायझर रीळ उचलून निघाले. माफी वगैरे मागायची रीत तेव्हा नव्हती, निदान आमच्या शेडमध्ये तरी.

मी टेबलाशी येऊन बसले. नुसतीच तार सरळ करत राहिले. थोड्या वेळानं सुपरवायझर स्टूल घेऊन आले आणि समोर बसले. त्यांच्या पाठोपाठ मास्तर दुसरं स्टूल घेऊन आले. सहाही बायकांनी हातातलं काम थांबवलं. आठ माणसं आणि मधोमध माझे हात.

मी कडं उचललं. आडवा फेरा घातला. हात माझेच होते.

"जरा हळू," सुपरवायझर म्हणाले. "परत एकदा. आण, मी बघतो करून."

त्यांनी तारेसाठी हात पुढं केला. अंगठ्याला तंबाखूचा चुना होता, चांगला वाळलेला. तारेवरचा मुलामा फार नाजूक असतो, बोटाला काही लागलेलं असलं तर खरवडला जातो आणि सगळी कॉइल फुकट जाते. ते मला बघवेना.

"आधी हात धुऊन या," मी म्हटलं.

सुपरवायझरांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं, आणि उठून नळाकडं गेले. मास्तरांनी आपली शाईची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, निमूट उठले, आणि त्यांच्या मागं नळावर नंबर लावून उभे राहिले.